‘एक काम आहे’चं इंग्रजी आणि वर्क्समधला एस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ऑफिसातून लवकर निघताना तुम्ही ‘आय हॅव अ वर्क’ म्हणालात आणि साहेबांनी त्यातला ‘अ’ काढायला लावला. वर्क मोजत नाहीत म्हणाले. घरी जाताना मात्र तुम्हाला ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ची पाटी दिसली, आणि पीडब्ल्यूडीच्या (पब्लिक वर्क्स डिपार्टमेंटच्या) नावातही वर्क्स आहेच. मग खरं कोण?

साहेब बरोबर आहेत. पाटीही बरोबर आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) ऑफिसात पत्रं आणि कोटेशनं लिहिण्यात माझी २२ वर्षं गेली. व्याकरणाच्या पुस्तकातून जे डोक्यात शिरलं नाही ते शॉपमध्ये, म्हणजे मशीनांपाशी, उभं राहून शिरलं. लेथवरचा माणूस मशीनच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, जॉब (घडवायचा तुकडा) धरतो, हाताने फिरवून सेंटर बघतो, टूल लावतो, फेसिंग मारतो म्हणजे तोंड सपाट करतो, उतरवतो, आणि शेजारच्या ट्रेमध्ये एक जॉब वाढतो. संध्याकाळी विचारलं तर सांगतो, ‘आज ४० जॉब काढले.’ ‘४० वर्क काढले’ असं कुणाच्या तोंडून ऐकलंय का तुम्ही? तोच माणूस म्हणणार, ‘सध्या वर्क कमी आहे.’ म्हणजे जॉब नगावर आणि वर्क कमी-जास्तीवर, हे आपल्या कामगारांना कुणी न शिकवताच येतं. भाकरी आणि पीठ यांच्यात जो फरक, तोच. चार भाकऱ्या होतात, चार पीठ होत नाहीत.

गडबड होते ती आपल्या ‘काम’ या शब्दामुळे. तो दोन्हीकडे नांदतो. ‘खूप काम पडलंय’ही चालतं आणि ‘बाजारात चार कामं आहेत’ही चालतं. इंग्रजीतला वर्क फक्त पहिल्याची जागा घेतो. म्हणून ‘सो मेनी वर्क्स’ नाही, ‘सो मच वर्क’. होमवर्क, हाउसवर्क, पेपरवर्क ही सगळी त्याचीच भावंडं, त्यांनाही एस लागत नाही. पोरांच्या वहीत ‘होमवर्क्स’ दिसला तर खोडा.

बोलताना मी एक युक्ती वापरतो. आपल्याकडे कन्नडमध्ये ‘स्वल्प केलस ऐती’ (थोडं काम आहे) म्हणतात ना, तेच इंग्रजीत करायचं. स्वल्प म्हणजे सम. ‘आय हॅव सम वर्क.’ मराठीतही ‘जरा काम आहे’ असतंच, पण इंग्रजी बोलायला गेलं की का कोण जाणे, जीभ ‘एक काम’कडेच वळते. (कन्नडवालेही ‘ओंदु केलस’, म्हणजे ‘एक काम’, म्हणतात आणि मग तेही ‘अ वर्क’मध्येच अडकतात. या बाबतीत तरी सीमावाद नाही.)

खरं तर आपलं ‘एक काम’ पुष्कळदा वर्क नसतंच. बँकेत जायचं असतं, उतारा काढायचा असतो, सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचं असतं. मराठीत हे सगळं ‘काम’ म्हणून झाकून नेता येतं आणि समोरचाही खोदून विचारत नाही. इंग्रजीत तेच नाव घेऊन सांगितलं तर जास्त सरळ वाटतं: ‘आय हॅव टू गो टू द बँक.’ सांगायचं नसेल तर ‘आय हॅव समथिंग टू डू.’ बारीकसारीक दोन-तीन कामं असतील तर ‘अ फ्यू थिंग्ज टू डू’.

सगळ्यात अवघड वाक्य म्हणजे ‘तुमच्याकडे एक काम होतं.’ याचं ‘आय हॅव अ वर्क विथ यू’ मी स्वतः कितीतरी वर्षं केलं, अगदी परगावच्या गिऱ्हाइकांनाही फोनवर. इथे वर्क हा शब्दच टाकून द्यायचा. मदत हवी असेल तर ‘आय नीड युवर हेल्प विथ समथिंग’, नुसतं बोलायचं असेल तर ‘आय वॉन्टेड टू टॉक टू यू अबाउट समथिंग’. आणि कुणी दारात आलं की ‘व्हॉट वर्क?’ विचारू नका. आपलं ‘काय काम काढलंत?’ गोड असतं, ते नुसतं हटकल्यासारखं ऐकू येतं.

नोकरीला जाणं म्हणजे ‘गो टू वर्क’, मध्ये अ नाही, द नाही. काम शोधणारा ‘लुकिंग फॉर वर्क’ किंवा ‘लुकिंग फॉर अ जॉब’. जॉबला अ लागतो, कारण तो नगावर.

आता पाटीचं. तिथला वर्क्स म्हणजे कारखाना. कारखाना एकच असला तरी एस राहतो. पीडब्ल्यूडीतले वर्क्स म्हणजे बांधकामं, रस्ते, पूल. आपल्याकडे कर्नाटकात त्या खात्याला लोकोपयोगी इलाखा म्हणतात, पलीकडे महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभाग. त्या अर्थाने टेंडरात ‘थ्री वर्क्स’ लिहिलेलं असेल तर ती चूक नाही. आणि कलाकृती किंवा ग्रंथ असेल तर चक्क ‘अ वर्क’ चालतं. किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जैन मंदिरात, छताचं ते दगडी कमळ मान वर करून बघा, त्याला बिनधास्त ‘अ वर्क ऑफ आर्ट’ म्हणा.

मला हा एस एकदा नडलाय. वर्कला एस नसतो हे नवंनवं कळलं होतं, तेव्हा दिसेल तिथला एस मी उडवत सुटलो. एका कोटेशनमध्ये भावाखाली ‘एक्स वर्क्स’ लिहायचं होतं, म्हणजे माल आमच्या कारखान्याच्या दारात ताब्यात घ्या, पुढचं ट्रकभाडं आणि विमा तुमचा. मी ऐटीत ‘एक्स वर्क’ टाइप केलं. मालकांनी लाल पेनाने एस घालून कागद परत पाठवला आणि खाली लिहिलं, ‘कारखाना कुठे गेला?’

तुमच्या साहेबांना पुढच्या वेळी एवढंच म्हणा: ‘आय हॅव सम वर्क इन खानापूर, कॅन आय लीव्ह ॲट फोर?’