जपात मन लागत नाही तेव्हा

“ताई, जपाला बसते, पण नुसतं तोंड चालतं. आत काहीच हलत नाही. माझी श्रद्धा संपली का?”

हा प्रश्न अनेक जण विचारतात, शब्द तेवढे वेगळे. त्यांतल्या एका बाईंबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

यजमानांना पक्षाघात झालेला. सुरुवातीला थोडी सुधारणा झाली, मग थांबली. प्रार्थना, उपास सगळं करून झालं. त्यात एका नातेवाइकाने ऐकवलं, “मनापासून केलं असतं तर गुण आला असता.” माझ्या मते आजाराने खचवलं नसेल इतकं या एका वाक्याने खचवलं.

आधी मी झोप-भूक विचारली. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदास वाटणं, कशातच रस नसणं, झोप उडणं, जगणं नकोसं होणं ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. तिथे जप वाढवून भागत नाही, डॉक्टर लागतात. बाईंना मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे, हे पटायला मात्र वेळ लागला.

मग विचारलं, “देवाचा राग येतो?” त्या दचकल्या. “असं कसं म्हणायचं?”

तुकारामांनी म्हटलंय की! १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पत्नी आणि मूल गेलं. विठ्ठलाला खडे बोल सुनावणारे त्यांचे अभंग आपण भक्तीचे म्हणूनच गातो. बायबलमधलं ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळही नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं. प्रार्थना त्यांनी सोडली नव्हती.

बाईंचा तासाभराचा जप मी पाच मिनिटांवर आणला. थकलेल्या माणसाला मोठा नेम झेपत नाही. तो मोडतो आणि वर अपराधी वाटतं. वेळ ठरलेली, शब्द मनातले. राग असेल तर राग, काहीच सुचलं नाही तर नुसतं बसायचं. “हे बरे होऊ देत” याच्या जोडीला “आजचा दिवस निभावू दे” एवढंही मागायचं. तेही जमणार नाही त्या दिवशी मैत्रिणीने त्यांच्या वतीने प्रार्थना करायची, असं तिला सांगून ठेवलं.

यजमानांचा हात अजून उचलत नाही. बाईंना झोप लागते. देवाशी त्या आता मोकळेपणाने भांडतात; त्या नातेवाइकाला मात्र अजून एक शब्द बोललेल्या नाहीत. त्याची तयारी सध्या आम्ही करतो आहोत.