पेन्सिल्व्हेनियात दारोदार फिरताना कुठले मुद्दे चालतात

प्रश्न विचारणारे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतात, नुकतंच ग्रीन कार्ड हातात आलंय आणि २०२८च्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रचाराला हातभार लावायचाय. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: मत देता येत नसताना प्रचार केलेला चालतो का, आणि लोकांच्या दारात जायचं तर कुठल्या मुद्द्यांचा अभ्यास करून जावं. सोबत स्वतःची यादीही दिली आहे: एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा), ग्रीन कार्डची रांग, लोकशाही, हवामानबदल आणि भारत-अमेरिका संबंध.

मी २००८पासून दर अध्यक्षीय निवडणुकीत न्यू जर्सीतून डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियात जातो, डेमोक्रॅटिक पक्षासाठी. माझा कल कुठे ते आधीच सांगितलं, पुढचं त्या हिशोबाने वाचा.

कायद्याचं आधी उरकू. चालतं. ग्रीन कार्डवाल्याला प्रचारात काम करता येतं, देणगीही देता येते. एच-वन-बीवर असलेल्याला देणगी देता येत नाही, पण बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फिरायला, फोन करायला हरकत नाही. फक्त पैसा कुठे नि कसा खर्च करायचा असल्या निर्णयांत पडायचं नाही. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: मतदार नोंदणीचा अर्ज स्वतःच्या नावाने चुकूनही भरायचा नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात सह्यांच्या गठ्ठ्यात तो प्रश्न येतो आणि माणूस घाईत ‘हो’ करून बसतो. पुढे नागरिकत्वाच्या वेळी ते अंगाशी येतं.

एडिसन सोडून नदीपार का जायचं, हे तुम्हाला माहीत असेलच. अध्यक्ष निवडणाऱ्या इलेक्टोरल कॉलेजमधली न्यू जर्सीची १४ मतं १९९२पासून डेमोक्रॅट्सकडेच जातायत. पेन्सिल्व्हेनियाची १९ मतं मात्र दर वेळी टांगलेली असतात. २०१६ला तिथे ट्रम्प सुमारे ४४ हजारांनी जिंकले, २०२०ला बायडन सुमारे ८० हजारांनी, २०२४ला पुन्हा ट्रम्प, सुमारे १ लाख २० हजारांनी. रूट वनने ट्रेंटनला गेलात आणि पूल ओलांडलात की बक्स काउंटी लागते, म्हणून आपल्याकडचे बरेच जण तिथेच जातात.

आता तुमची यादी. स्पष्टच सांगतो, यातले बहुतेक मुद्दे दारात कुणी काढणार नाही. काढले तर तुम्हीच काढाल, आणि समोरचा सभ्यपणे ऐकून घेऊन दार लावेल.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये बक्स काउंटीत चार दिवसांच्या अंतराने दोन कार्यक्रम झाले. १६ तारखेला आमच्या उमेदवार कमला हॅरिस वॉशिंग्टन क्रॉसिंगला आल्या. १७७६च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने फौज घेऊन डेलावेअर ओलांडली ती ही जागा. सोबत शंभरावर रिपब्लिकन मंडळी, आणि विषय राज्यघटना. २०ला डोनाल्ड ट्रम्प फीस्टरव्हिलच्या मॅकडॉनल्ड्समध्ये एप्रन बांधून फ्राइज भरत होते. दुकान त्या वेळी इतरांसाठी बंद होतं, गाडीच्या खिडकीशी येणारी माणसं आधीच निवडलेली होती, हे सगळं आम्ही आपसात मोठ्या चवीने बोललो. पण पुढच्या शनिवार-रविवारी मी ज्या गल्ल्या फिरलो तिथे वॉशिंग्टन क्रॉसिंगचा उल्लेख कुणी केला नाही. फ्राइजचा बऱ्याच जणांनी केला, हसत केला, आणि त्यातले सगळे काही ट्रम्पवाले नव्हते.

निकाल असा लागला की जवळपास चार लाख मतांत ट्रम्प यांनी ही काउंटी तीनशेहूनही कमी मतांनी घेतली. १९८८नंतर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ती पहिल्यांदाच रिपब्लिकनांकडे गेली.

मुद्दा होता खर्चाचा. लेव्हिटटाउनमध्ये एक सत्तरीचे गृहस्थ भेटले. हे गाव १९५०च्या दशकात एकसारख्या घरांच्या हजारो नगांनी उभं राहिलं, शेजारीच फेअरलेसचा पोलादाचा कारखाना. गृहस्थ तिथेच नोकरीला होते, जन्मभर युनियनवाले, म्हणजे आमच्या कागदावर घरचेच मत. मी स्क्रिप्टप्रमाणे सुरुवात केली: महागाईचा दर जून २०२२मध्ये ९.१ टक्के होता, तो आता २.४वर आलाय. ते आत गेले आणि गाडीच्या विम्याचे दोन कागद घेऊन आले, एक जुना, एक नवा. दोन्ही माझ्यासमोर धरले. “खाली आलीय म्हणता, यात दाखवा कुठे.” दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं, भाव फक्त हळू चढतायत एवढाच त्याचा अर्थ, २०२१च्या सुरुवातीपासून एकूण किमती वीसेक टक्क्यांनी वर गेल्या होत्या. हे गणित त्यांना शिकवायची काहीच गरज नव्हती, त्यांच्या हातात ते छापील होतं.

त्याच बोलण्यात निघालं की त्यांची बायको इन्सुलिन घेते आणि मेडिकेअरवर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर) आता महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त पडत नाहीत. ही मर्यादा २०२२च्या कायद्याने आली आणि २०२३पासून लागू झाली. कुणी आणली हे त्यांना ठाऊक नव्हतं. औषधाच्या दुकानाची मेहरबानी असावी असा त्यांचा समज होता. उलट २०२०मध्ये सरकारने कोविडची मदत म्हणून घरोघरी पाठवलेल्या चेकवर ट्रम्प यांचं नाव छापलेलं होतं, ते मात्र लोकांना चार वर्षांनीही आठवत होतं. केलेलं काम कुणाच्या खात्यावर जमा होतं हाही प्रचाराचाच भाग आहे, आणि त्यात आमची बाजू कच्ची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आश्वासनांचंही तेच. टिपवर कर नाही, ओव्हरटाइमवर कर नाही, सोशल सिक्युरिटीवर (सरकारी निवृत्तिवेतनावर) कर नाही. ही ट्रम्प यांची तीन वाक्यं दारात उभ्या उभ्या सांगता येतात. आमच्याकडे पहिलं घर घेणाऱ्याला २५ हजार डॉलर होते, बाळाच्या पहिल्या वर्षी ६ हजारांची करसवलत होती. वाईट नव्हती, पण दोन्हींच्या मागे ‘जर’ आणि ‘तर’ लावावे लागत. थंडीत जाळीचं दार अर्धं उघडून उभा असलेला माणूस दुसऱ्या ‘जर’पर्यंत थांबत नाही. त्यात ८ ऑक्टोबरला टीव्हीवरच्या मुलाखतीत हॅरिस यांना विचारलं गेलं की बायडन यांच्यापेक्षा तुम्ही काय वेगळं केलं असतं, आणि त्यांना काही सुचलं नाही. तो प्रश्न पुढचे चार आठवडे आम्हाला दारोदार विचारला गेला. कोऱ्या चेहऱ्याने उभं राहण्यापलीकडे स्वयंसेवकाच्या हातात काय असतं!

गर्भपाताच्या मुद्द्यावर आमचा फार भरवसा होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. जून २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशपातळीवरचा हक्क काढून घेतल्यावर त्याच वर्षीच्या निवडणुकीत पेन्सिल्व्हेनियात गव्हर्नर आणि सिनेटर दोन्ही आमचे आले. दोन वर्षांनी त्याच बाया भेटल्या, मत तेच होतं, पण धास्ती ओसरली होती. त्यांचं म्हणणं असं: राज्यात गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर आहे, गव्हर्नर आपला आहे, मग इथे काही होत नाही. तेव्हा यंदा किराण्याचं बघू. हा हिशोब मला पटला नाही, पण तो अडाणी नाही.

फ्रॅकिंगची, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढण्याची, एक गंमत सांगतो. त्या वर्षी पेन्सिल्व्हेनियाचा टीव्ही लावावा तर फ्रॅकिंग, फ्रॅकिंग, फ्रॅकिंग. हॅरिस २०१९मध्ये बंदीच्या बाजूने बोलल्या होत्या, २०२४मध्ये नाही म्हणाल्या, त्याच्या जाहिराती. आता बक्स काउंटी डेलावेअरच्या खोऱ्यात येते आणि त्या खोऱ्यात नदी आयोगाने २०२१मध्येच फ्रॅकिंगवर बंदी घातली आहे. त्या विहिरी राज्याच्या पश्चिमेला आणि वर ईशान्येला. आमच्या गल्ल्यांत हा विषय कुणाच्या पोटापाण्याचा नव्हता. टीव्हीवरून अभ्यास करून आलेली नवी मुलं मात्र त्याची उत्तरं पाठ करून यायची.

आता आपल्या लोकांची दारं. तुमचं आडनाव बघून तुम्हाला बेन्सालेमकडची यादी हमखास देतील, तिथे गुजराती वस्ती बरीच आहे. चहा मिळेल, गप्पा होतील. हॅरिस यांच्या आई चेन्नईच्या, जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचे आईवडील तेलुगू, हे दोन्ही विषय निघतील आणि त्याने एकही मत इकडचं तिकडे होणार नाही. स्थलांतरावर मात्र जपून बोला. दुकान चालवणारा, मोटेल चालवणारा माणूस तुम्हाला सांगेल, “आम्ही वर्षानुवर्षं कागद भरले, रांगेत राहिलो, आणि हे सरळ कुंपण ओलांडून आले.” आपली माणसं म्हणजे या प्रश्नावर आपोआप आपल्या बाजूची, असं धरून चालणाऱ्यांचा तिथे भ्रमनिरास होतो.

ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल तुमची तळमळ समजते. कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त नाही, या नियमामुळे भारतीयांची रांग एवढी लांबली. तो नियम उठवणारं विधेयक २०१९मध्ये सिनेटमध्ये आणलं ते रिपब्लिकन माइक ली आणि कमला हॅरिस या जोडीने. प्रतिनिधिगृहात त्याचं जोडविधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं, आणि तरीही कायदा झाला नाहीच. २०२४च्या प्रचारात हॅरिस यांच्या तोंडून मी त्याचा उल्लेख ऐकला नाही. ट्रम्प जूनमध्ये एका पॉडकास्टवर म्हणाले होते की पदवीबरोबरच ग्रीन कार्ड द्यावं; सप्टेंबर २०२५मध्ये त्यांच्याच सहीने नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. या रांगेसाठी कुणी जोर लावत नाही याचं कारण उघड आहे. ज्यांना या रांगेची झळ बसते त्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना ही रांग माहीतही नाही. तेव्हा हा विषय लेव्हिटटाउनच्या पोर्चवर काढू नका. आपल्या भागातल्या काँग्रेसमनच्या कार्यालयात काढा, तिथे तो ऐकणारा माणूस पगारावर बसलेला असतो.

मग तयारी कशाची करायची? माझं उत्तर तुम्हाला नीरस वाटेल: मतपत्रिकेची. पेन्सिल्व्हेनियात २०१९च्या कायद्यापासून कुणालाही कारण न देता टपालाने मत देता येतं, आणि त्यात मतं वाया जातात. न्यूटाउनच्या एका काकूंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळा संच मांडून दाखवला होता. मतपत्रिका भरून झाली होती आणि त्या ती सरळ सहीच्या पाकिटात सरकवत होत्या. आतलं साधं पाकीट त्यांनी रिकामं म्हणून बाजूला ठेवलेलं, वर वाणसामानाची यादीही लिहून टाकलेली. मतपत्रिका आधी त्या गुप्ततेच्या पाकिटात, मग ते मोठ्या पाकिटात, बाहेर सही आणि तारीख. आतलं पाकीट नसेल तर ते मत मोजत नाहीत. काकूंचं पाकीट खराब झाल्यामुळे नवा संच मागवावा लागला, आणि त्या महिन्यात काउंटीच्या कार्यालयाबाहेर रांगा इतक्या लागल्या होत्या की ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने दावा लावून मतपत्रिका मागायची मुदत वाढवून घेतली. आमच्या काकूंनाही तिचा फायदा झाला.

हे समजावून सांगायला तुम्ही नागरिक असण्याची गरज नाही. मात्र कुणाचं बंद पाकीट “जाता जाता टाकतो” म्हणून हातात घ्यायचं नाही. तिथे ज्याचं मत त्यानेच नेऊन द्यायचं असतं, अपंग मतदारासाठी लेखी व्यवस्था आहे तेवढी सोडून. मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत ते पोचलं पाहिजे, टपालाचा शिक्का कधीचा आहे याला किंमत नाही. तारखेचा नियम सतत कोर्टात असतो, तेव्हा २०२८ला त्या वर्षीचा कागद वाचून जा. आणि पत्रकं दाराच्या कडीला अडकवा, टपालपेटीत नाही. पेटीत तिकीट नसलेला कागद टाकणं हा केंद्रीय गुन्हा आहे.

बोलण्यासाठी एक मुद्दा मात्र आत्ताच लक्षात ठेवा. टिप आणि ओव्हरटाइमवरची करसवलत २०२५च्या कायद्यात आली, मर्यादेसह, आणि तिची मुदत २०२८च्या अखेरीला संपते. म्हणजे ऐन प्रचारात प्रत्येक वेटर आणि नर्स विचारणार, पुढच्या वर्षी राहणार की जाणार. तुमच्या उमेदवाराचं याला एका वाक्यात काय उत्तर आहे हे पहिल्याच बैठकीत विचारा. नसेल तर पुन्हा विचारा.

यादीतली बरीच दारं उघडतच नाहीत, काही घंटीच्या कॅमेऱ्यातूनच ‘नको’ म्हणतात. उघडलं तर पहिला प्रश्न तुमचा असू द्या आणि तो उमेदवाराबद्दल नको: सध्या घरात कशाची ओढाताण होतेय? पक्का विरोधक निघाला तर ‘शुभेच्छा’ म्हणून प्रचाराच्या अॅपमध्ये पाचावर (म्हणजे पक्का विरोध) खूण करा आणि पुढे चला. तिथे अर्धा तास वाद घालणारे आपल्यात फार आहेत. वादात जिंकतात, आणि तेवढ्यात गल्लीतली बाकीची घरं राहून जातात.

आणि २०२८पर्यंत थांबू नका. पेन्सिल्व्हेनियात स्कूल बोर्ड, टाउनशिप यांच्या निवडणुका विषम वर्षी होतात, पुढची २०२७च्या नोव्हेंबरमध्ये. स्वयंसेवक कमी असतात, टीव्हीवर जाहिरातींचा मारा नसतो, त्यामुळे लोक दारात जरा निवांत बोलतात. तिथे दोन-चार शनिवार जाऊन या. स्थानिक समितीला ईमेल टाकलात की यादी हातात देतात. सोबत कुणीतरी जुनं माणूस मागून घ्या, पहिल्या दिवशी एकट्याने जाऊ नका.