जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याच्या पोर्श अपघातातल्या मुलाला पंधरा तासांच्या आत जामीन मिळाला. तुमच्या गावचा मुलगा मात्र मोबाइलचोरीच्या आरोपात, जामीन मंजूर होऊनही, महिनोन्महिने आतच आहे. मग न्यायाधीशच मॅनेज होतात का?

फौजदारी कोर्टात आयुष्य गेलं, त्या अनुभवावरून सांगतो. बहुतेक वेळा न्यायाधीशांपर्यंत जायची गरजच पडत नाही. फरक त्याआधीच पडलेला असतो, पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात, पहिल्या काही तासांत.

पोर्शचंच बघा. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर अख्खा महाराष्ट्र चिडला, मीही चिडलो. पण अल्पवयीनाला जामीन देणं हाच बाल न्याय कायद्यातला नियम आहे, नाकारणं हा अपवाद. मला त्या प्रकरणात सगळ्यात भयंकर वाटतं ते ससून रुग्णालयात घडलं ते. अपघात पहाटे अडीचच्या सुमाराचा आणि रक्ताचा नमुना घेतला सकाळी अकराच्या आसपास. दारूचं प्रमाण रक्तातून तासागणिक उतरत जातं, हे ठाण्यातल्या नव्या शिपायालाही माहीत असतं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तोही नमुना फेकून दिला आणि त्या जागी मुलाच्या आईचं रक्त सीलबंद केलं. हे बाहेर आलं ते औंधच्या सरकारी रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता म्हणून. दोन्ही नमुन्यांचा डीएनए जुळेना. मग डॉक्टरांना अटक झाली, आईवडिलांना झाली. ड्रायव्हरला डांबून गुन्हा त्याच्या अंगावर ढकलल्याचा आरोप आजोबांवर आला. वरिष्ठांना वेळेत कळवलं नाही म्हणून येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण तो दुसरा नमुना घेतलाच नसता तर? कोर्टापुढे ‘अल्कोहोल नाही’ असा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, आला असता आणि कितीही प्रामाणिक न्यायाधीशाला त्याच कागदावर निकाल द्यावा लागला असता.

लोकांच्या संतापाचं काय झालं तेही बघा. तीनच दिवसांत बाल न्याय मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. जामीन रद्द न करता कोठडी दिली, हे कायद्यात बसतच नव्हतं. २५ जूनला उच्च न्यायालयाने तो आदेश बेकायदा ठरवून मुलाला सोडायला लावलं. घाईघाईने कडक दिसण्याच्या नादात पुन्हा त्याच बाजूला मोकळीक मिळाली.

दुसरा फरक वकिलाच्या तयारीचा. ६ मे २०१५ ला मुंबईच्या सत्र न्यायालयाने सलमान खानला २००२ च्या वांद्र्याच्या अपघातात पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच संध्याकाळी उच्च न्यायालयातून दोन दिवसांचा अंतरिम जामीन आला. निकालपत्राची पूर्ण प्रत अजून हाती आलेली नाही, हा मुद्दा तिथे मांडला गेला. मुद्दा कायद्याने चोख होता, त्यात काही गैर नाही. पण शिक्षा झालेल्या किती जणांना पूर्ण प्रत मिळण्याआधीच व्हॅनमध्ये बसवतात, ते मी रोज बघितलंय. त्यांच्यासाठी त्याच संध्याकाळी उच्च न्यायालयात उभं राहणारं कोणी नसतं. पुढे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सलमान खान निर्दोष सुटला.

आता तुमच्या गावच्या मुलाकडे येऊ. जामिनाच्या ऑर्डरमध्ये ‘१५ हजारांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सॉल्व्हंट जामीनदार’ असं काहीतरी लिहिलेलं असणार. म्हणजे त्याने स्वतः बाँड लिहून द्यायचा, शिवाय तेवढी ऐपत असलेला माणूस हमीला उभा करायचा. इथेच गरीब अडकतो. जामीनदाराने सातबारा किंवा घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार घेऊन यायचं, जमल्यास तहसीलदाराचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेटही आणायचं, मग कोर्टात उभं राहून उलटतपासणीसारखी उत्तरं द्यायची. आई धुणीभांडी करते, मामा बुडालेली मजुरी सोसून येईल पण त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. मग कोर्टाबाहेरचे भाडोत्री जामीनदार पैसे मागतात. हे आजचं नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याच्या भावाला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी तेव्हाच ठणकावून ही अडवणूक चुकीची ठरवली आणि त्याला हजार रुपयांच्या बाँडवर सोडायला सांगितलं. तरी परजिल्ह्यातला जामीनदार नाकारणारी कोर्टं अजून आहेत. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांमधल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता.

तुम्ही लगेच काय करायचं ते सांगतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो, तो हक्क आहे. त्या वकिलाकडून अटी शिथिल करण्याचा अर्ज द्या आणि जामीनदाराऐवजी कॅश बेल (रोख रक्कम भरून सुटका) किंवा नुसता जातमुचलका मागा. अर्जात सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांचा उल्लेख करायला सांगा. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभरात बाँड भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकतं. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी रक्कम देणारी केंद्राची योजनाही २०२३ पासून आहे, तीही प्राधिकरणातच विचारा.

आणखी एक. साध्या चोरीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. त्याला आधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल, दुसरी केसही चालू नसेल आणि त्याने आत एक वर्ष काढलं असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ त्याला बाँडवर सोडा म्हणतं, आणि तो अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची आहे. अटकेची तारीख आणि एफआयआरमधली कलमं इथे टाका, अर्जाचा मसुदा मी करून देतो.