रेंडर करताना स्क्रीन काळी पडते? आधी हे बघ

भाऊ, लगेच विंडोज नव्याने टाकायला घेऊ नकोस. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघड. ‘डिस्प्ले’खाली ४१०१ नंबरची नोंद दिसली तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला आणि विंडोजने तो परत उठवला, एवढंच कळतं, दोष ड्रायव्हरचाच असतो असं नाही. मशीन थेट रीस्टार्ट होऊन ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद येत असेल तर पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्डाच्या वायरी तपास.

आणि हो, उन्हाळा! मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या घरात, त्यात कॅबिनेटच्या जाळीवर धुळीचा थर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धर, नाहीतर गरागरा फिरून बेअरिंग जातं. कूलरचा झोत कॅबिनेटवर तर मुळीच नको, ओलसर हवेत धूळ चिकटून बसते.

तरी स्क्रीन काळी पडलीच, तर सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू होतं तो मोड) डीडीयूने, म्हणजे ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ या टूलने, जुना ड्रायव्हर साफ करून नवा टाक.