वाचकांचे प्रश्न : टंचाईच्या दिवसांत काडतुसांना किती पैसे मोजावेत?

(मार्च २०२१)

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात राहतो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर, २०१९ साली, माझ्या यजमानांनी नऊ मिलिमीटरचे पिस्तूल घेतले आणि रीतसर प्रशिक्षणही पूर्ण केले. महिन्याला साधारण दोनशे काडतुसांचा सराव ते करत असत. तेव्हा पन्नास काडतुसांचे खोके दहा डॉलरच्या आसपास मिळे. आज त्याच खोक्याला जवळच्या दुकानात ३६ डॉलर पडतात, तेही माणशी एकच. इंटरनेटवर हजार काडतुसांची पेटी ६८० डॉलरला दिसते. फेब्रुवारीच्या हिमवादळात वीज आणि पाणी दोन्ही गेल्यापासून यजमान म्हणतात की ही पेटी आत्ताच घेऊन ठेवावी, कारण भाव आणखी चढतील आणि कायदाही बदलेल. मला हा घाबरून केलेला खर्च वाटतो. योग्य भाव कोणता, हे आम्ही कसे ठरवावे?

उत्तर : दहा डॉलरचा भाव आज कुठेही नाही, तेव्हा तो मनात धरून निर्णय घेता येणार नाही. दुकानदाराने समोरचे खोके जुन्या दराने आणले असले, तरी ते विकल्यावर त्याला नवा माल आजच्या घाऊक दरानेच भरावा लागतो. त्यामुळे ३६ डॉलर हा आकडा ऐकून तो आपल्याला लुबाडतो आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नये. माणशी एकच खोके देणारा दुकानदार तर माझ्या मते चांगला माणूस आहे, कारण आलेला सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला चढ्या भावाने देऊन त्याला मोकळे होता आले असते. ज्यांच्यावर राग धरावा असे लोक वेगळेच आहेत. मोठ्या दुकानांपुढे पहाटे रांग लावून ते मिळतील तेवढी खोकी उचलतात आणि शनिवार-रविवारच्या शस्त्रमेळ्यात दुपटीने विकतात. त्यांच्याकडून एकही खोके घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

हा भाव इतका का चढला, ते समजून घेतले तर तो किती काळ टिकेल याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. २०२० मध्ये एफबीआयच्या यंत्रणेतून शस्त्रखरेदीसंबंधीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी पाहण्याच्या, सुमारे ३ कोटी ९७ लाख तपासण्या झाल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, पण तोपर्यंतच्या कोणत्याही वर्षापेक्षा हा आकडा मोठा आहे. या उद्योगाची संघटना असलेल्या नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशनच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा शस्त्र घेतले. या प्रत्येकाने पन्नास-पन्नासची दोनच खोकी घेतली, तरी नव्या माणसांसाठीच ८४ कोटी काडतुसे जादा लागतात, आणि जुन्या नेमबाजांनी धास्तीने केलेली खरेदी त्यात धरलेली नाही. नेमक्या याच काळात, जुलै २०२० मध्ये, रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचा अर्कान्सा राज्यात लोनोक येथे असलेला काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअरने विकत घेतला. फेडरल आणि सीसीआय हे काडतुसांचे छापही तेव्हा त्याच कंपनीचे होते, आणि हाती असलेल्या पण पुऱ्या न झालेल्या मागण्या एक अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे तिने सांगितले आहे.

काडतुसात पितळेची पुंगळी, दारू, शिशाची गोळी आणि तळाशी ठिणगी पाडणारा प्रायमर असे चार भाग असतात. या टंचाईत सर्वांत जास्त अडचण प्रायमरची आहे. या देशात प्रायमर बनवणारे मोठे उत्पादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांना आधी स्वतःच्या काडतुसांची गरज भागवावी लागते, मग उरलेला माल सुटा बाजारात येतो. मागणी वाढली म्हणून कारखान्यांनी लगेच नव्या यंत्रांची रांग उभी करावी, असेही होत नाही. २०१६ च्या निवडणुकीनंतर मागणी ओसरली तेव्हा या उद्योगाला चांगलाच फटका बसला होता; रेमिंग्टनची पहिली दिवाळखोरी मार्च २०१८ मधली आहे. ते आठवत असल्यामुळे मालक पाळ्या वाढवतात, सुट्टीच्या दिवशी काम करवून घेतात, पण नवा कारखाना उभारताना दहा वेळा विचार करतात.

अशी टंचाई ही पहिलीच नव्हे. २००८ च्या निवडणुकीनंतर काही काळ ती होती. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुकच्या शाळेतील हत्याकांडानंतर कायदे कडक होणार या धास्तीने लोकांनी दुकाने रिकामी केली, आणि पॉइंट बावीसची स्वस्त, मुलांना शिकवायला वापरली जाणारी काडतुसे त्यानंतर दीर्घकाळ मिळेनाशी झाली. दोन्ही वेळा माल परत आला आणि भावही उतरले. आपल्या यजमानांनी २०१९ मध्ये दहा डॉलरला घेतलेले खोके हेच त्याचे उदाहरण आहे. म्हणून आजचा भाव कायमचा समजून हजाराची पेटी भरू नये, असे माझे मत आहे. आणखी काही महिने तो चढणार नाही अशी हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही.

आता हिशेब करू. भाव नेहमी गोळीमागे, सर्व खर्च धरून काढावा. ६८० डॉलरच्या पेटीवर पाठवणीचे साधारण २२ डॉलर धरले तर ७०२ होतात. आपल्याकडे टेक्सासमध्ये पाठवणीवरही विक्रीकर लागतो, ८.२५ टक्क्यांनी तो सुमारे ५८ डॉलर होतो, म्हणजे एकूण ७६० डॉलर आणि गोळीमागे ७६ सेंट. दुकानातले ३६ डॉलरचे खोके कर धरून ३९ डॉलरला, म्हणजे गोळीमागे ७८ सेंटना पडते. जाहिरातीत ६८ सेंट दिसणारी पेटी प्रत्यक्षात फक्त दोन सेंटनी स्वस्त आहे. त्या दोन सेंटांसाठी ७६० डॉलर एकदम अडकवायचे, की ३९ डॉलर देऊन पुढच्या महिन्यात पुन्हा विचार करण्याची मोकळीक ठेवायची, असा हा प्रश्न आहे. मी दुसरा मार्ग घेईन.

त्याआधी काडतुसे कशासाठी हवी आहेत, हे दोघांनी बसून ठरवा, कारण दोन कामांसाठी दोन वेगळे भाव योग्य असतात. घराच्या रक्षणासाठी जी होलो पॉइंट, म्हणजे गोळीचे टोक पोकळ असलेली, काडतुसे ठेवतात ती बहुधा वीस-वीसच्या खोक्यात येतात, आणि ती फार लागत नाहीत. पंधरा काडतुसे मावणारी दोन मॅगझिन भरण्यापुरती तीस, आणि ती आपल्या पिस्तुलात अडखळत नाहीत ना हे पाहण्यासाठी आणखी तीस, अशी तीन खोकी पुरतात. ती यजमानांकडे आधीपासून असतील तर हा खर्चही नाही. नसतील तर गोळीमागे दोन डॉलर पडले तरी कर धरून १३० डॉलरमध्ये काम होते, आणि ते द्यावेत. इथे भाव उतरण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. हिमवादळानंतर वाटणारी असुरक्षितता मी हलकी मानत नाही. पण तिच्यावरचा शस्त्राशी संबंधित उपाय एवढाच आहे, आणि त्या आठवड्यात बहुतेक घरांना काडतुसांपेक्षा पिण्याचे पाणी, उबेची सोय आणि पेट्रोल यांचीच चणचण भासली होती.

सरावाच्या काडतुसांसाठी खोक्याच्या भावाची मर्यादा न ठरवता महिन्याच्या खर्चाची मर्यादा ठरवावी. पूर्वी दोनशे काडतुसांना आपले महिन्याला साधारण ४० डॉलर जात होते. तेच ४० डॉलर कायम ठेवा. आज त्यात एक खोके येईल. भाव उतरला की दोन येतील, पुढे चार. अशाने चढ्या भावात आपोआप कमी आणि उतरत्या भावात जास्त खरेदी होते आणि दर आठवड्याला संकेतस्थळे धुंडाळत बसण्याचा त्रास वाचतो. ज्या महिन्यात साध्या सरावाच्या काडतुसाला डॉलरपेक्षा जास्त मागतील, त्या महिन्यात काहीच घेऊ नये.

पन्नासच काडतुसांवर हात तयार राहील का, अशी शंका यजमान घेतील. राहील, पण सरावाची पद्धत बदलावी लागेल. निशाणा बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चाप ओढताना मनगटाला बसणारा हिसका, आणि तो घालवण्यासाठी काडतूस लागतच नाही. पिस्तूल रिकामे करावे, चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून खात्री करावी, सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, आणि गोळी अडवू शकेल अशा भिंतीकडे नेम धरून चाप सावकाश ओढावा. चाप सुटताना पुढची माशी हलली तर चूक तिथल्या तिथे दिसते. नेमबाजीच्या रेंजवर ती आवाजात आणि धक्क्यात लपून जाते. रोज दहा मिनिटे असा कोरडा सराव केला, तर महिन्याच्या पन्नास गोळ्या त्याची परीक्षा घेण्यापुरत्या उरतात. नऊ मिलिमीटरच्या आजकालच्या बहुतेक पिस्तुलांना याने इजा होत नाही, तरी माहितीपुस्तिका एकदा पाहावी. पॉइंट बावीसच्या कित्येक पिस्तुलांना मात्र होते.

या गतीने हजार काडतुसांची पेटी वीस महिने पुरेल. म्हणजे यजमान आज वर्ष-दीड वर्षानंतर उडवायच्या गोळ्यांचे पैसे टंचाईतल्या भावाने भरू पाहत आहेत. त्या काळात भाव कर धरून ४० सेंटवर आला, तर त्याच पेटीत ३६० डॉलर जादा गेलेले असतील. त्यांना अगदीच चैन पडत नसेल, तर दर महिन्याला एक जादा खोके घेऊन बाजूला ठेवावे. कोरड्या, थंड जागी, कुलपात ठेवलेली काडतुसे वर्षानुवर्षे टिकतात.

कायद्याची भीती बहुधा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एच.आर. १२७ या विधेयकामुळे असावी. ते जानेवारीत अमेरिकी संसदेत सादर झाले आहे, संमत झालेले नाही. त्यात परवाने आणि नोंदणीच्या तरतुदी आहेत, आणि काडतुसांवरची बंदी पॉइंट पन्नास किंवा त्याहून मोठ्या मापासाठी सुचवली आहे, नऊ मिलिमीटरसाठी नव्हे. सादर झालेल्या विधेयकांपैकी फारच थोडी कायद्यापर्यंत पोहोचतात, आणि सिनेटमध्ये या वर्षी (२०२१) दोन्ही पक्षांचे बळ समसमान आहे. या भीतीपोटी गोळीमागे एक सेंटही जादा देऊ नये.

काही माल मात्र कोणत्याही भावात महागच असतो. ओळखीतल्या कोणी घरी भरलेली, पिशवीत सुटी दिलेली काडतुसे घेऊ नयेत. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फुटते. जास्त पडली तर पिस्तूल हातात फुटू शकते. पोलादी पुंगळीची काडतुसे थोडी स्वस्त असतात, पण बऱ्याच बंदिस्त रेंजवर दारातच चुंबक लावून ती परत पाठवतात, म्हणून आधी चौकशी करावी. आणि सगळीकडे ७५ सेंट भाव असताना कोणी २५ सेंटने देत असेल आणि पैसे झेल (Zelle) या पैसे पाठवण्याच्या सेवेने किंवा बिटकॉइननेच मागत असेल, तर माल येणार नाही असे समजावे. क्रेडिट कार्ड न घेणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर खरेदी करूच नये.

प्रश्न : आम्ही डॅलस परिसरातील पाच मित्र वर्गणी काढून एक पेटी घेण्याचा विचार करत आहोत, म्हणजे प्रत्येकाला स्वस्त पडेल. दोघे एच-१बी व्हिसावर आहेत. काही अडचण येईल का?

उत्तर : मोठी अडचण येईल, आणि ती भावापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या बिगरस्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने केवळ शस्त्रच नव्हे, तर काडतुसेही जवळ बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना असल्यास यातून सूट मिळते, अन्य काही अपवादही आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नयेत. शिवाय अशा व्यक्तीला जाणूनबुजून काडतुसे देणे हाही गुन्हा आहे, म्हणजे उरलेले तिघेही अडकतील. वाचणारे पैसे माणशी जेमतेम तीन-चार डॉलर असतील. त्यासाठी कोणाचे ग्रीन कार्ड धोक्यात घालू नका. ज्या तिघांना कायद्याने मुभा आहे त्यांनी आपापसांत पेटी वाटून घ्यावी आणि उरलेल्या दोघांना त्या व्यवहारातून, पैशांसकट, पूर्ण बाहेर ठेवावे.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. नेवाडात दर कमी दिसतात. येताना गाडीतून दोन-चार खोकी आणावीत का?

उत्तर : आणू नयेत. १ जानेवारी २०१८ पासून कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला बाहेरच्या राज्यात घेतलेली काडतुसे थेट घरी आणता येत नाहीत; ती राज्यातील परवानाधारक विक्रेत्यामार्फत घ्यावी लागतात, आणि इंटरनेटवरून मागवलेला मालही त्याच्याच पत्त्यावर येतो. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीच्या वेळी तपासणी होते. आपले शस्त्र राज्याच्या नोंदीत असेल आणि तपशील जुळत असतील, तर २०२१ च्या दराने तिला एक डॉलर लागतो. नसेल तर १९ डॉलर लागतात आणि काही दिवस थांबावे लागते. त्यावर विक्रेत्याचे स्वतःचे हाताळणी शुल्क असते, ते आधी फोनवर विचारून घ्यावे. एकाच खोक्यासाठी हे सगळे भरले तर गोळीमागे कितीतरी सेंट वाढतात, म्हणून तुमच्या बाबतीत दर महिन्याला एक खोके घेण्याऐवजी तीन महिन्यांची गरज एकदम घेणे परवडेल.