हेम्पचा धंदा सुरू करताय? आधी वकील नीट निवडा

पुण्यात बसून हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडाच्या, बियांचं तेल विकायचं म्हणताय, छान. पण लोगो, बाटली, वेबसाइट यांच्या मागे लागण्याआधी वकील गाठा, आणि तोही नुसता कंपनी नोंदवून देणारा नको. पहिल्याच भेटीत विचारा: १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजाची व्याख्या काय? फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत, हे त्याला लगेच सांगता आलं पाहिजे. अडखळला तर दुसरा शोधा.

बी त्या व्याख्येबाहेर आहे म्हणून सगळं रान मोकळं होत नाही. खायला विकायचं तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना हवा, आणि टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १० च्या आत. प्रत्येक बॅचचा लॅब रिपोर्ट जपून ठेवा. लेबल छापायला टाकण्याआधी वकिलाला दाखवाच. त्यावर गांजाचं पान चालत नाही, चित्र फक्त बीचं चालतं. नवे लोक नेमके इथेच फसतात, कारण ते पान दिसायला देखणं!

पानांपासून औषध करायचं असेल तर आयुष परवाना (आयुर्वेदिक वगैरे औषधांसाठीचा), शिवाय महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू. लागवडीचा विचार तूर्त सोडा. उत्तराखंड परवाने देतं म्हणून साताऱ्यात पेरता येत नाही.

पुरवठादाराशी करार लेखीच करा. माल कुठल्या परवान्याखाली पिकला त्याची प्रत मागून घ्या आणि ती प्रत्येक गाडीसोबत पाठवा. नाक्यावर गाडी अडवली की ड्रायव्हरकडे आधी तोच कागद मागतात.