मुंबईत नाल्यात रसायन ओतणारा टँकर पकडला, तर तपास अधिकाऱ्याने आधी काय करावं? पोलिसांच्या प्रशिक्षणात काय शिकवावं?

आधी वारा पाठीवर घेऊन, चढाच्या बाजूला, लांब थांबायला शिकवा, नमुना त्यानंतर. सल्फाइड असलेल्या सांडपाण्यात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास तो नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, हा समज जीव घेतो. जानेवारी 2022 मध्ये सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत अशाच टँकरजवळ वायूने सहा कामगार गेले. टँकरच्या पाटीवरचा चार अंकी यूएन क्रमांक (आत कोणता धोकादायक पदार्थ आहे ते सांगणारा) मोबाइलच्या झूमने टिपून अग्निशमन दलाला कळवा, पण त्यावर विसंबू नका; चोरटी वाहतूक करणारे पाटी बदलतात किंवा काढतात.

नमुने बाटलीतही बिघडतात, म्हणून कशाचा शोध आहे त्याप्रमाणे ते असे घ्या:
- धातू: प्लास्टिकची बाटली, नायट्रिक आम्लाने पीएच 2 च्या खाली.
- द्रावकं: काचेची बाटली, काठोकाठ, हवेचा बुडबुडा नको.
- सायनाइडची शंका: आम्ल अजिबात नको, विषारी वायू सुटतो, सोडिअम हायड्रॉक्साइडने पीएच 12 च्या वर.

सगळं बर्फात ठेवा. पीएच आणि तापमान मात्र जागेवरच मोजा. नाला खाडीला मिळत असेल तर भरती-ओहोटीची वेळ लिहा, भरतीचं पाणी उलटं चढून नमुना पातळ करतं.

एक अट: कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना जल अधिनियम 1974 च्या कलम 21 प्रमाणे कारखानदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांसह घ्यावा लागतो, नाहीतर अहवाल पुराव्यात टिकत नाही. तो अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, त्यामुळे त्याला लगेच बोलवा.